स्टेंट बसवलाय म्हणून हॉटेल कायमचं बंद? वडिलांच्या रविवारच्या जेवणाबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की वडील ६४ वर्षांचे, ४ महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन २ स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसवले, बीपीची गोळी आधीपासून चालू, शुगर नाही, आणि दर रविवारी सगळ्यांनी बाहेर जेवायची घरातली इतक्या वर्षांची पद्धत आईंनी एकदम बंद करून टाकलीय. वडील रुसून बसलेत, पुढच्या रविवारी त्यांचा वाढदिवस आहे, सिंहगड रोडच्या एका पंजाबी हॉटेलात टेबल बुक आहे, तर न्यायचं का नाही आणि नेलं तर त्यांनी खायचं काय.

न्या. आईंची काळजी खोटी नाहीये, पण रुसलेला माणूस बाहेर खायचं थांबत नाही, तो फक्त तुम्हाला न सांगता खातो. माझ्याकडे असे कितीतरी काका येतात जे सकाळी सारसबागेत फिरायला म्हणून बाहेर पडतात, येताना उभ्या उभ्या वडापाव हाणतात आणि तोंडात बडीशेप टाकून घरी येतात, आणि मग काकू मला विचारतात की मॅडम घरात तर सगळं उकडलेलं देतीये तरी वजन का उतरत नाही.

मी डाएटीशियन आहे, पुण्यातच, २२ वर्षं झाली, त्यातली बरीचशी हार्टच्या पेशंटबरोबर गेली. पण बाहेरच्या खाण्याबद्दल जे मला कळतं ते कॉलेजात नाही, माहेरी कळलं. आमची पेठेत खाणावळ होती. त्यामुळे हॉटेलचं मेनूकार्ड हातात आलं की मला पदार्थांची नावं दिसत नाहीत, आतला भटारखाना दिसतो, म्हणजे यातलं काय सकाळीच करून ठेवलंय आणि काय आपण ऑर्डर दिल्यावर होणारे. माझं सगळं उत्तर या एका फरकावर आहे. जे आधीच होऊन बसलंय त्यात तुमच्यासाठी कोणी काही बदलू शकत नाही, कितीही गोड बोललात तरी. जे शेवटच्या ५ मिनिटांत होतं तेवढंच तुमच्या हातात असतं. म्हणून ‘हेल्दी काय’ असं शोधू नका, ‘शेवटी होणारं काय’ ते शोधा.

आधी मीही इतरांसारखी यादीच द्यायचे, छापील, एका बाजूला खा, एका बाजूला टाळा. माझा एक पेशंट होता, हृदयाचं पंपिंग ३५ टक्के म्हणजे बरंच कमजोर, अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढणाऱ्या गोळ्या चालू, अतिशय शिस्तीचा माणूस. तो दौऱ्यावर असताना दोन दिवस बाहेरच जेवला आणि माझ्या ‘खा’ बाजूचंच जेवला, इडली-सांबार, भाजलेला पापड, ताक, व्हेज क्लिअर सूप. तिसऱ्या दिवशी पाय सुजलेले आणि वजन अडीच किलो वर. तेलाचा थेंब नाही खाल्ला हो मॅडम, म्हणाला, आणि खरंच नव्हता खाल्ला. यादीत मी मिठाचा विचारच नीट केला नव्हता. सांबार दोन-दोन वाट्या, पापड, मीठ घातलेलं ताक, सूप, सगळं मीठच मीठ, आणि मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. तो दोष माझा होता, त्या दिवसापासून यादी बंद केली.

म्हणून आधी मिठाचं सांगते, कारण तेल डोळ्यांना दिसतं, मीठ दिसत नाही, आणि वडिलांना बीपी आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ म्हणते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, सगळं मिळून, पावातलं, लोणच्यातलं, फरसाणातलं धरून. आता पापड घ्या. लोक भाजलेला मागवतात आणि आपण फार सुधारलो असं समजतात, तेल गेलं हे खरंय, पण पापडात मीठ आणि वर पापडखार असतो, आणि पापडखार म्हणजेही सोडियमच. मसाला पापडावर परत चाट मसाला भुरभुरलेला असतो. चायनीजमध्ये तर विचारू नका, एका टेबलस्पून सोया सॉसमध्ये साधारण २ ग्रॅम मिठाइतकं सोडियम असतं, म्हणजे दिवसाच्या मिठाचा चाळीसेक टक्के हिस्सा मंचाव सूपच्या एका बाऊलमध्येच संपायला वेळ लागत नाही, वर ते तळलेले नूडल्स. लोक अजिनोमोटोला शिव्या घालतात, पण त्यात सोडियम मिठाच्या साधारण एक तृतीयांश असतं, खरा चोर सॉस आहे. (आणि हो, घरी कोणी कमी सोडियमचं मीठ आणून ठेवलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका, त्यात पोटॅशियम असतं, टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी बीपीची गोळी चालू असेल किंवा किडनी थोडी कमजोर असेल तर रक्तात पोटॅशियम वाढू शकतं.)

आता तुमचं पंजाबी हॉटेल. तिथे सकाळी ३-४ ग्रेव्ह्या होतात. कांदा-टोमॅटोची लाल, काजू-मगजची पांढरी, पिवळी, आणि मखनी. मेनूत भाज्यांची साठ नावं असली तरी आत पातेली तेवढीच. तेल भरपूर घालावंच लागतं कारण ग्रेव्ही दिवसभर टिकवायची असते आणि तेल वर आलं की चांगली शिजली असं आचारी मानतो. म्हणजे तुम्ही वेटरला ‘जरा कमी तेलात द्या’ म्हणालात तर तो हो म्हणणार, आत जाऊन त्याच पातेल्यातली दोन पळ्या ग्रेव्ही घेणार, आणि फार तर वरची तर्री जरा बाजूला सारून वाढणार. तो खोटं बोलत नाही, त्याच्या हातात तेवढंच आहे. मखनी, कोर्मा, पसंदा, कोफ्ता, शाही काहीही, हे सगळं ‘आधी झालेलं’ आहे, वडिलांसाठी त्या पानावर वेळच घालवू नका.

याउलट डाळ बघा. डाळ नुसती हळद घालून शिजवलेली असते, तुमची ऑर्डर गेली की कढल्यात तडका होतो. इथे सांगता येतं. ‘डाळ तडका, तडका अर्धा, वरून बटर नको, मीठ कमी’ असं सांगितलं की ते खरंच होतं, कारण तो तडका तुमच्यासाठीच मारला जातोय. दाल मखनी मात्र नाही, ती रात्रभर लोणी-क्रीम पीत बसलेली असते. तंदुरी रोटीचंही तसंच, बटर शेवटी लागतं, नको म्हटलं की नाही लागत. नानचं पीठच मैद्याचं, त्यात तुम्ही काय बदलणार. तंदूरमधले टिक्के, म्हणजे चिकन, मासा, मशरूम, हे दह्या-मसाल्यात मुरवलेले असतात, मीठ असतंच पण फॅट बेताची, फक्त बाहेर काढल्यावर ब्रशने बटर लावतात तेवढं थांबवा. मलई टिक्का, रेशमी कबाब, अफगाणी वगैरे नावाचे मात्र क्रीम-काजूत मुरवलेले, ते ‘आधी झालेलं’ मध्ये गेले. पनीर टिक्का लोकांना हलका वाटतो, पण पनीरच्या १०० ग्रॅममध्ये साधारण २० ग्रॅम फॅट असते, अर्ध्याहून जास्त सॅच्युरेटेड, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारी, तर तुकडे २-३, आख्खी प्लेट नाही.

सुक्या भाजीत एक गंमत आहे. भेंडी फ्राय, कुरकुरी भेंडी, आलू-गोबी, हे लोक सुकी म्हणून मागवतात, पण बऱ्याच ठिकाणी भेंडी, फ्लॉवर, बटाटा सकाळीच तळून ठेवलेला असतो, तुमच्यासाठी फक्त मसाल्यात परततात. विचारा सरळ, ‘भेंडी तळलेली आहे का’. लसूणी पालक किंवा मेथी असेल तर बरी पडते, क्रीम नको एवढं सांगायचं. (हे वडिलांना लागू नाही, पण कोणाचा हृदयाचा व्हॉल्व्ह बदललाय आणि रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिन किंवा असिट्रोमसारखी गोळी चालूये तर पालकाचं प्रमाण रोज साधारण एकसारखं ठेवा, एक दिवस वाडगाभर आणि मग आठवडाभर काहीच नाही असं केलंत तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, हलतो.)

लोण्याचा हिशोब एकदा करून बघा म्हणजे मी बटरच्या मागे का लागलेय ते कळेल. १० ग्रॅम बटर, म्हणजे हॉटेलात पावभाजीवर सहज ठेवतात तो छोटा तुकडा, त्यात ८ ग्रॅम फॅट आणि त्यातली ५ ग्रॅम सॅच्युरेटेड. कोलेस्टेरॉल खाली आणायचं असलेल्या माणसाला अमेरिकन हार्ट असोसिएशन सॅच्युरेटेड फॅट एकूण कॅलरीच्या ५ ते ६ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते, १८०० कॅलरीच्या जेवणात ते होतं १० ते १२ ग्रॅम, दिवसभराचं. पावभाजीत तव्यावर एक तुकडा, वर एक, पावाला दोन्ही बाजूंनी एक, झालं, सव्वा-दीड दिवसाचा कोटा संपला आणि अजून भाजीच्या तेलापर्यंत आपण पोचलोच नाही. पावभाजी खायचीच तर ‘पाव कोरा भाजा’ हे वाक्य पाठ करा.

आता मिसळ, कारण पुण्यात हार्टचा पेशंट पहिला प्रश्न मिसळीचाच विचारतो, बायपासच्या टाक्यांबद्दल नंतर. मिसळ वाईट नाहीये. मोड आलेली मटकी आहे, त्यात प्रोटीन आहे, चोथा आहे, कांदा-लिंबू आहे. बिघडवणाऱ्या गोष्टी तीन, वरचा कट म्हणजे तेलाचा तवंग, फरसाण आणि परत परत येणारं सँपल म्हणजे जादाचा रस्सा. आणि मजा अशी की मिसळीत उसळ वेगळी, रस्सा वेगळा, फरसाण वेगळं असतं, ताट तुमच्यासमोर जुळतं, म्हणजे सगळं शेवटी होणारंच आहे. ‘रस्सा वेगळ्या वाटीत, फरसाण बाजूला’ म्हणा. रस्सा दोन मिनिटं स्थिर ठेवला की कट वर येतो, चमच्याने वरचा थर काढून टाका, खालचा घ्या. फरसाण दोन चमचे. पाव एक. सँपल एकदाच, कारण तेल काढलंत तरी मीठ खालीच असतं ना. सोबत दही साधं. महिन्यातून एकदा-दोनदा अशी मिसळ खाणाऱ्या पेशंटला मी कधी अडवलं नाही, आणि जो मला म्हणतो की ‘मॅडम तर्रीशिवाय मिसळ म्हणजे शिक्षा आहे’ त्याला मी म्हणते बरोबर आहे तुमचं, मग पोहे खा.

उडप्याकडे फार डोकं लावायला नको. इडली, साधा उत्तप्पा कमी तेलावर, सांबार एकच वाटी आणि तेही बुडवण्यापुरतं. लोणी स्पंज डोसा नावातच सगळं सांगतो. एफसी रोडला वैशालीत बसून वडिलांना एसपीडीपी (शेव-बटाटा-दही-पुरी) खायची असेल तर एक प्लेट चौघांत घ्या, दोन पुऱ्यांनी कोणाचा स्टेंट बंद होत नाही. बन-मस्कातला मस्का घरातल्या कोणीतरी तरुणाने खावा. मस्तानीला दोन चमचे, ग्लास दुसऱ्याचा. आणि उपासाच्या दिवशी साबुदाणा वडा हा ‘उपास आहे’ म्हणून हलका होत नाही, तळलेला स्टार्च तो, ज्यांचं ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) वाढलेलं आहे त्यांनी तर चतुर्थीलाच सगळ्यात जास्त सांभाळायचं असतं.

माशाच्या हॉटेलात बांगडा घ्या, सुरमईही चालेल, बांगड्यात ओमेगा-३ चांगलं असतं. रवा लावून तळलेला नको, तंदूरमधला मिळाला तर उत्तम, नाहीतर तवा फ्राय. सोलकढी पाचक वगैरे आहे पण ती नारळाच्या दुधाची, अर्धा ग्लास बास, तीन-तीन रिफिल नकोत. सिंहगडावर गेलात तर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही, हे हॉटेलातल्या कुठल्याही ‘डाएट मेनू’पेक्षा मला जास्त आवडतं, कांदाभजी आणि ठेचा तेवढा बाजूला. भज्यांचं एक सांगते, तळणीच्या तेलासाठी एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, २०१८ पासून नियम आहे की तेलातले पोलर कंपाउंड (तेल परत परत तापवल्यावर तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल टाकायचं. गाडीवर मोजायला यंत्र नसतं, तुम्ही डोळ्यांनी बघा, तेल काळं, कढईत फेस, धूर, चिकट वास, तर पुढे चला. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आली हे चांगलं झालं, पण त्यामुळे बेकरीतली खारी आणि पॅटिस आता चालतं असं समजू नका, ट्रान्स फॅट कमी झाली की त्या जागी बऱ्याचदा पाम तेलाची फॅट येते आणि ती जवळपास अर्धी सॅच्युरेटेड असते.

थाळीच्या हॉटेलात अडचण वेगळी, तिथे पदार्थ बरे असतात पण वाढपी थांबत नाही. फुलका ताटात पडायच्या आधी तूप पडलेलं असतं. बसल्या बसल्या, पहिली वाटी यायच्या आधीच, सगळ्या वाढप्यांना ऐकू जाईल असं सांगा की या काकांना कोरा फुलका आणि भातावर तूप नाही. मग दुसऱ्यांदा घ्यायचं ते कोशिंबीर, उसळ, साधं वरण यांचंच.

बोलायचं कसं हेही सांगते कारण लोक इथे चुकतात. ‘ऑइली नको’, ‘हेल्दी द्या’, ‘लाइट बनवा’ याचा किचनमध्ये काही अर्थ नसतो. आचाऱ्याला विशेषण नाही, नेमकं काम सांगायचं. बटर लावू नका. क्रीम घालू नका. तडका अर्धा. चाट मसाला नको. हे एकेक काम आहे, ते होतं किंवा होत नाही, मधलं काही नाही. आणि ‘हार्ट पेशंट आहेत’ हे शब्द लाजू नका, कॅप्टन, म्हणजे मुख्य वेटर, त्यानंतर स्वतः आत जाऊन सांगतो असा माझा अनुभव आहे. फक्त रात्री ९ च्या गर्दीत ही अपेक्षा करू नका, ७ ला जा. घरी मागवलं तर ॲपमधल्या सूचनेच्या चौकटीत कितीही लिहा, माझं मत विचाराल तर ती कोणी वाचत नाही, तिथे रोटी-टिक्का-डाळ एवढ्यावरच राहा. मोठ्या चेनच्या मेनूवर कॅलरी लिहिलेल्या असतात, १० किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्यांना ते बंधनकारक आहे, त्यात निदान दोन पदार्थांची तुलना तरी होते, पण कॅलरी कमी म्हणजे मीठ कमी असं नाही हे ध्यानात ठेवा.

गोळ्यांबद्दल दोन शब्द. ‘आज बाहेर जेवणारे म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी डबल घेतली’ असं सांगणारे माझ्याकडे दरवर्षी येतात, काही उपयोग नाही त्याचा, गोळी रोजच्या रोज ठरलेलीच घ्यायची. स्टेंटनंतर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ७० च्या खाली, बऱ्याच डॉक्टरांना तर ५५ च्या खाली हवं असतं, ते मुख्यतः गोळी आणि रोजचं घरचं जेवण करतं, महिन्यातली दोन हॉटेलं नाहीत. म्हणून दर रविवारचं मात्र मी दोन रविवारांनी एकदा करा म्हणेन, मधल्या रविवारी सकाळी सगळे फिरायला जा आणि येताना इडली खा, आईंनाही ते पटेल.

आणि हे आईंना नक्की वाचून दाखवा. पोट तट्ट भरून जेवलं की हृदयावर ताण येतो, काहींना जेवणानंतरच छातीत दुखतं, म्हणून वडिलांनी बाहेर मुद्दाम कमी जेवायचं आणि लगेच जिने चढायचे नाहीत, पार्किंगपर्यंत झपाझप चालायचं नाही. हॉटेलातून आल्यावर छातीत जड वाटलं, जळजळलं, घाम आला, जबडा किंवा डावा हात दुखला, तर ‘मसालेदार खाल्लं ना, ॲसिडिटी असेल’ म्हणून सोड्याची पुडी देऊन झोपवू नका. बसवा, डॉक्टरांनी जिभेखालची गोळी दिली असेल तर ती द्या, ५ मिनिटांत कमी झालं नाही तर ॲम्ब्युलन्ससाठी १०८ लावा, स्वतः गाडी काढू नका. पुण्यात रात्री साडेदहाच्या जेवणानंतरची ‘ॲसिडिटी’ पहाटे आयसीयूत गेलेली मी पुरेशी बघितलीये.

आता तुमचा रविवार. दुपारी ४ च्या सुमाराला हॉटेलला फोन करा, तेव्हा किचन निवांत असतं, आणि सांगा की ७ ला येतोय, एक जण हार्टचे आहेत. सूप नको, पापड टेबलावर येऊच देऊ नका, कारण आला की हात जातो, आधी काकडी-टोमॅटोचं सॅलड लिंबू पिळून, मीठ न घालता. मग तंदुरी चिकनचे दोन तुकडे, नाहीतर मशरूम टिक्का. डाळ तडका अर्ध्या तडक्याची, लसूणी पालक बिनक्रीमचा, बिनबटरची तंदुरी रोटी दीड, साधं दही. लिंबूपाणी हवं असेल तर मीठही नको, साखरही कमी. बाकीच्यांनी आपलं बटर चिकन खुशाल मागवा, त्यातला एक चमचा वडिलांना द्या, आणि द्यायचाच आहे तर आईंनी आपल्या हाताने वाढा, म्हणजे ते दुसरा मागणार नाहीत. केक घरी कापणार असाल तर हॉटेलात गुलाबजाम नको, आणि हॉटेलात गुलाबजाम ठरला असेल तर केकच्या मेणबत्त्या फुंकून केक शेजारच्या पोरांना.